गुडघ्याखालील कृत्रिम पाय : पाऊल बदलल्याने चालण्याचे श्रम खरोखर कमी होतात का?

प्रश्न (शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर)

नमस्कार. माझे वय ४३ वर्षे आहे. पाच वर्षांपूर्वी पुणे-बेंगळुरू महामार्गावर झालेल्या अपघातात माझा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. गुडघा शाबूत राहिला, जखम चांगली भरली आणि आठ महिन्यांनी मी पुन्हा फौंड्रीत कामावर रुजू झालो. माझे काम कास्टिंग तपासण्याचे असल्यामुळे दिवसभर काँक्रीटच्या फरशीवर एका विभागातून दुसऱ्या विभागात ये-जा करावी लागते.

दुपारपर्यंत मला विशेष काही जाणवत नाही. चार वाजल्यानंतर मात्र डावा, म्हणजे धड पायाचा गुडघा दुखू लागतो आणि मांडी भरून येते. सहकाऱ्यांबरोबर त्यांच्या चालीने कँटीनपर्यंत गेलो तरी धाप लागते, पण तेच अंतर एकट्याने, माझ्या चालीने कापले तर लागत नाही. माझ्या कृत्रिम पायाला साधे सॅच पाऊल (न वळणारा घोटा आणि मऊ टाच असलेले) आहे. एका केंद्रात मला कार्बन फायबरचे पाऊल सुचवण्यात आले आणि त्याचा खर्च लाखाच्या पुढे सांगण्यात आला. त्या पावलाने धावता येते, असे तेथे दोनदा सांगितले गेले, परंतु मला धावायचे नाही. दिवसभर चालून संध्याकाळी घरी आल्यावर मुलीचा अभ्यास घेण्याइतके त्राण उरावे, एवढेच मला हवे आहे, आणि त्याबद्दल मला सरळ उत्तर मिळाले नाही.

म्हणून विचारतो की, चालण्यासाठी लागणारे श्रम पावलाच्या रचनेवर अवलंबून असतात की माझ्या वजनावर (७८ किलो) आणि दमावर? पावलावर असतील, तर त्याच्या नेमक्या कोणत्या गुणावर? आमचे गाव कागलजवळ आहे. रविवारी उसाच्या रानात जावे लागते, घरात मी अनवाणी असतो आणि सणावाराला कोल्हापुरी चप्पल घालतो, हेही लक्षात घेऊन कृपया सांगावे. गेली पाच वर्षे चैत्र यात्रेला घरचे सगळे जोतिबाला वर जातात आणि मी खाली गाडीत बसून राहतो. पुढच्या वर्षी मला वर जायचे आहे.

उत्तर (कृत्रिम अवयव तंत्रज्ञ, शाहूपुरी)

आपण प्रश्न फार नेमका विचारला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अपघातामुळे गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाला तेवढेच अंतर चालण्यासाठी इतरांपेक्षा साधारणपणे १० ते ३० टक्के अधिक ऊर्जा लागते, असे प्राणवायूच्या वापरावरून केलेल्या अनेक मोजमापांत दिसते. गुडघ्याच्या वर पाय गेला असेल, तर हा फरक कितीतरी वाढतो. रक्तवाहिन्यांच्या विकाराने किंवा मधुमेहाने पाय गेलेल्यांची स्थितीही अपघातग्रस्तांपेक्षा अवघड असते. बहुतेक लोक नकळत आपली चाल मंद करतात आणि मिनिटामागे होणारा खर्च आवाक्यात ठेवतात. एकट्याने चालताना आपल्याला धाप लागत नाही आणि सहकाऱ्यांबरोबर लागते, त्याचे कारण हेच आहे. आपला दम कमी पडतो आहे, असा त्याचा अर्थ लगेच काढू नये. तरीही दमाचा वाटा आहेच. २०१४ मध्ये अमेरिकेतील तरुण व तंदुरुस्त सैनिकांवर झालेल्या एका अभ्यासात, गुडघ्याखाली पाय गेलेल्या आणि दोन्ही पाय धड असलेल्या सैनिकांच्या ऊर्जाखर्चात लक्षणीय फरक आढळला नव्हता.

आता पावलाकडे वळतो. सॅच पाऊल १९५० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झाले. त्याच्या मध्यभागी लाकडाचा किंवा कठीण प्लास्टिकचा गाभा असतो आणि टाचेत मऊ फोमची पाचर असते. घोट्याचा सांधा नसतो. टाच टेकते तेव्हा ती पाचर दबते आणि पाऊल हळूच जमिनीवर उतरल्यासारखे वाटते. हा भाग त्यात उत्तम साधला आहे. अडचण पुढच्या भागात येते. कठीण गाभा चवड्यापाशी संपतो आणि त्यापुढे केवळ वाकणारे रबर उरते, त्यामुळे पाऊल मागे पडण्याच्या क्षणी शरीराला पुढून आधार मिळत नाही आणि आपण त्या कडेवरून धड पायावर अक्षरशः पडतो. दिवसात हजारो वेळा हे पडणे आपला डावा गुडघा झेलत असतो. एक पाय गमावलेल्यांच्या धड गुडघ्यात झीज अधिक प्रमाणात आढळते, आणि त्यामागील कारणांपैकी हे एक मानले जाते. तेव्हा ते दुखणे वयावर ढकलू नका.

कार्बन पाऊल येथे वेगळे ठरते. १९७६ मध्ये वॉटर-स्कीइंगच्या अपघातात पाय गमावलेल्या व्हॅन फिलिप्स या अमेरिकन तरुणाने कार्बनच्या पट्टीचे फ्लेक्स-फूट तयार केले आणि १९८४ मध्ये ते बाजारात आणले. शरीराचा भार पुढे सरकतो तशी ही पट्टी वाकते आणि पाऊल उचलताना सरळ होत साठवलेली ऊर्जा परत देते. तिचा आधार बोटांपर्यंत पोहोचत असल्यामुळे मघाशी सांगितलेले पडणेही कमी होते. असे असले तरी ती केवळ स्प्रिंग आहे, हे विसरू नये. आपण तिच्यात जेवढे घालतो त्याहून कमीच ती परत देते. आपली पोटरी मात्र स्नायूंच्या बळावर स्वतःची भर घालत असे. म्हणूनच सावकाश, सपाट चालीत सॅच आणि कार्बन यांची तुलना केली असता प्राणवायूच्या खर्चातील फरक बहुतेक अभ्यासांत थोडा, कधी कधी नगण्य आढळतो. वेग वाढला किंवा चढ आला की कार्बनची बाजू वरचढ होते.

माझे प्रामाणिक मत असे आहे की, लाखाचा विचार करण्याआधी आपण तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली सॉकेटची, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या साच्यात आपला पाय बसतो त्याची. पाच वर्षांत स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, बारीक झालेला असतो आणि सॉकेट तेच असेल, तर प्रत्येक पावलाला पाय आत वर-खाली सरकतो व खर्च केलेली ताकद जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. दुसरी अलाइनमेंटची, म्हणजे सॉकेट आणि पाऊल यांच्या एकमेकांशी असलेल्या कोनाची व अंतराची. पाऊल प्रमाणापेक्षा पुढे बसवले असेल, तर सपाट रस्त्यावरही चढ चढत असल्यासारखे वाटते, आणि फार मागे बसवले असेल, तर गुडघा एकदम मुडपतो. आपला पाय नळी आणि स्क्रूच्या जोडणीचा असेल, तर ही दुरुस्ती अर्ध्या तासात होते. तिसरी लांबीची, कारण कृत्रिम पाय थोडाही लांब किंवा आखूड असला, तर कंबर दर पावलाला वर-खाली होत राहते.

कोल्हापुरी चपलेचा उल्लेख आपण केलात, ते बरे झाले, कारण याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पाऊल बसवताना आपण टाच थोडी उंच असलेले बूट घातले असतील, तर सपाट चपलेत किंवा अनवाणी चालताना टाच खाली जाते, नळी मागे कलते आणि गुडघा मागच्या बाजूला ढकलला जातो. घरातसुद्धा आपण दिवसभर चढावर चालत असता! टाचेखाली बुटाइतक्याच उंचीची चामड्याची किंवा रबराची पाचर चपलेत चिकटवून घ्यावी. कृत्रिम पावलाचा अंगठा चपलेचा अंगठा पकडू शकत नाही, म्हणून मागून पट्टा शिवून घेणेही आवश्यक आहे. आपल्याकडचे चांभार हे काम नीट करून देतात.

उत्तर (शिक्षिका, गडहिंग्लज)

मी तंत्रज्ञ नाही, परंतु गेली तेरा वर्षे गुडघ्याखालील कृत्रिम पायावर उभी राहून शिकवते आहे. पहिली दहा वर्षे जयपूर फूट वापरले आणि गेली तीन वर्षे कार्बनचे पाऊल वापरते, म्हणून दादांना अनुभव सांगावासा वाटला.

जयपूर फूट जुने म्हणून कमी लेखू नये. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. पी. के. सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते जयपुरात घडवले, ते आपल्यासारख्यांच्या राहणीचा विचार करूनच. त्यात लांब कठीण गाभा नसल्यामुळे पाऊल सर्व बाजूंना थोडे वळते, मांडी घालता येते, उकिडवे बसता येते, चिखलात आणि पाण्यात अनवाणी जाता येते. पंगतीत बसताना किंवा परसात काम करताना मला आजही तेच पाऊल हवेसे वाटते. त्याचा दोष म्हणजे वजन. पायाच्या टोकाला असलेले वजन कमरेला बांधलेल्या तेवढ्याच वजनापेक्षा फार अधिक थकवते, कारण प्रत्येक पावलाला ते पुढे झुलवावे लागते. शाळा सुटेपर्यंत माझी कंबर बोलू लागत असे.

कार्बनच्या पावलाने पहिला महिना मला त्रासच दिला. मी न सांगता कोणी मागून ढकलते आहे, असे वाटायचे, आणि त्या ढकलण्याला रोखण्यात मांडी अधिक थकायची. त्याच्यावर विश्वास ठेवून चवड्यापर्यंत भार नेण्याची सवय व्हायला सहा आठवडे लागले. त्यानंतर एसटी पकडण्यासाठी भराभर चालताना आणि शाळेचा जिना चढताना फरक स्पष्ट जाणवला. वर्गात सावकाश फिरताना मला सुरुवातीला काहीच वेगळे वाटले नाही, तरीही संध्याकाळी धड पाय पूर्वीइतका ठणकत नाही. श्वासाच्या मोजमापात फरक नगण्य येत असेल, पण थकवा केवळ श्वासातच असतो का? तंत्रज्ञ सरांनी याबद्दल लिहावे.

उसाच्या रानाबद्दल मात्र सावध करते. कार्बनच्या पावलावर रबरी आवरण असते, त्यात माती आणि खडी शिरली की आवाज येऊ लागतो व पट्टी घासते. रानासाठी जुना पाय जपून ठेवा. दोन पाय ठेवणे ही चैन नाही. बैलाला आणि घोड्याला आपण एकच काम सांगत नाही.

उत्तर (यंत्र अभियांत्रिकीचे अध्यापन, कोल्हापूर)

शिक्षिका ताईंच्या प्रश्नाला जोडून यंत्रशास्त्राची बाजू मांडतो, कारण पावलाच्या कोणत्या गुणावर श्रम अवलंबून असतात, हा मूळ प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही.

चालताना टेकलेला पाय साधारण ताठ असतो आणि शरीर त्याच्यावरून उलट्या लंबकासारखे कमानीत पुढे जाते. यात फारशी ऊर्जा लागत नाही. खर्च होतो तो एका कमानीवरून दुसऱ्या कमानीवर जाताना. त्या क्षणी शरीराचा वेग खालच्या दिशेने असतो, तो वरच्या दिशेला वळवावा लागतो, आणि पुढची टाच जमिनीवर आदळते तेव्हा काही ऊर्जा वाया जाते. मागच्या पायाने नेमके त्या आदळण्याच्या आधी जमिनीला रेटा दिला, तर दिशा आधीच वळते आणि धक्का सौम्य होतो. चालण्याच्या यंत्रशास्त्राचे संशोधक आर्थर कुओ यांनी २००२ मध्ये मांडलेल्या एका साध्या गणिती नमुन्यात, घोट्याने वेळेवर रेटा देऊन चालणे हे तीच ऊर्जा कमरेच्या स्नायूंनी भरून काढण्यापेक्षा चौपट स्वस्त पडते. आपली मांडी आणि कंबर का भरून येते, याचे उत्तर यात आहे. पोटरीने करायचे काम उजवीकडे कमरेला महागात करावे लागते, आणि न मिळालेल्या रेट्याचा धक्का डाव्या गुडघ्याला बसतो.

यावरून लक्षात येईल की, पाऊल किती ऊर्जा परत देते यापेक्षा ती कोणत्या क्षणी देते, हे महत्त्वाचे आहे. स्टीव्हन कॉलिन्स आणि कुओ यांनी २०१० मध्ये टाचेच्या धक्क्यात वाया जाणारी ऊर्जा स्प्रिंगमध्ये अडकवून ती पाऊल उचलताना सोडणारे एक पाऊल प्रसिद्ध केले. धडधाकट माणसांच्या पायांना बूट जखडून त्याखाली ते बसवले, तेव्हा साध्या कृत्रिम पावलाने चालण्याचा ऊर्जाखर्च २३ टक्क्यांनी वाढत होता, तर या पावलाने १४ टक्क्यांनी वाढला. अशाच पावलावर पाय गमावलेल्यांना चालवून पाहिले असता धड गुडघ्यावरील भारही घटलेला आढळला. श्वासात फार न दिसणारा लाभ गुडघ्यात दिसू शकतो, तो असा.

दुसरा गुण म्हणजे पावलाचा गडगडण्याचा आकार. टाचेपासून चवड्यापर्यंत भार सरकताना टाच, घोटा आणि चवडा मिळून जणू चाकाच्या एका तुकड्यासारखे काम करतात. वेगवेगळ्या त्रिज्येच्या कमानी पायाखाली बांधून केलेल्या प्रयोगांत, त्रिज्या पायाच्या लांबीच्या सुमारे ०.३ पट असताना श्रम सर्वांत कमी आढळले, म्हणजे ९० सेंटिमीटर लांबीच्या पायाला सुमारे २७ सेंटिमीटर. पाऊल फार कडक असले की हे चाक सपाट होते आणि त्याच्यावर चढून जावे लागते. फार मऊ असले की त्याचा पुढचा भाग दबतो आणि चाक अपुरेच राहते. त्यामुळे कार्बन पावलाचा कडकपणा वजनाप्रमाणे निवडणे फार मोलाचे असते. दादा रानात खांद्यावर ओझे उचलत असतील, तर ते ७८ किलोत मिळवूनच तंत्रज्ञांना सांगावे.

मोटर बसवलेल्या घोट्यांबद्दल कोणी सुचवेल, म्हणून तेही लिहितो. स्वतः दोन्ही पाय गमावलेले अमेरिकेतील एमआयटीचे ह्यू हर आणि त्यांच्या सहकारी अलेना ग्राबोव्स्की यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा घोट्यामुळे ऊर्जाखर्च सरासरी ८ टक्क्यांनी घटला होता. नंतरच्या अभ्यासांत हा लाभ सर्वांना सारखा मिळालेला दिसत नाही. वजन, बॅटरी, धूळ आणि किंमत यांचा विचार करता फौंड्रीच्या वातावरणासाठी मी तो आज सुचवणार नाही.

शेवटी मोजमापाची एक सोपी पद्धत सांगतो, जिला प्राणवायूचे यंत्र लागत नाही. पाच मिनिटे शांत बसून नाडी मोजा. मग रंकाळ्याच्या काठी मोजून घेतलेल्या सपाट अंतरावर पाच मिनिटे आपल्या चालीने चाला आणि थांबताच नाडी मोजा. दोन्ही नाड्यांतील फरकाला मिनिटामागे कापलेल्या मीटरने भागा. येणारा आकडा म्हणजे एका मीटरमागे हृदयाला पडणारे जादा ठोके. निरोगी माणसात तो साधारणतः अर्ध्याच्या खाली असतो. रक्तदाबासाठी नाडी मंदावणारे औषध चालू असेल, तर मात्र या आकड्यावर विसंबू नये.

प्रश्नकर्त्याचा पुढील मजकूर, सहा आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे मी आधी मोजमाप केले. बसलेली नाडी ७८, चालल्यानंतर ११५ आणि पाच मिनिटांत ३०० मीटर, म्हणजे मीटरमागे ०.६२ ठोके झाले. मग सॉकेट दाखवले. ते खरोखरच सैल निघाले आणि आतून दोन मोजे वाढवावे लागले. नवे सॉकेट पुढच्या महिन्यात होणार आहे. पाऊल प्रमाणापेक्षा पुढे बसवलेले होते, ते थोडे मागे घेतले. पाच वर्षे मी त्याच स्थितीत चालत होतो, हे कळल्यावर मला खूप वाईट वाटले, कारण तपासणीला दरवर्षी गेलो होतो आणि प्रत्येक वेळी सर्व ठीक असल्याचे सांगितले गेले होते.

परवा तीच जागा, तीच वेळ धरून पुन्हा मोजले. बसलेली नाडी ७८, चालल्यानंतर ११२, अंतर ३२५ मीटर, म्हणजे ०.५२. पाऊल तेच जुने सॅच. संध्याकाळी डावा गुडघा अजून दुखतो, परंतु आता सहा-साडेसहानंतर. चपलेत पाचर बसवून घेतली आहे आणि घरातही आता तीच चप्पल घालून वावरतो.

नवे सॉकेट आल्यावर कार्बनच्या पावलाची चाचणी घ्यावी का, आणि घ्यायची तर कशी, एवढेच आता विचारायचे आहे.

उत्तर (कृत्रिम अवयव तंत्रज्ञ, शाहूपुरी)

आपण आकडे ठेवलेत, याचा मला फार आनंद झाला. ताईंचा मुद्दा मान्य करतो की, थकवा केवळ श्वासात नसतो, आणि आपला डावा गुडघा पाहता कार्बनची चाचणी जरूर घ्यावी. घाई मात्र करू नये. २०२५ मध्ये डीआरडीओ आणि तेलंगणातील बीबीनगर येथील एम्स यांनी १२५ किलोपर्यंतच्या भारासाठी तपासलेले देशी कार्बन पाऊल जाहीर केले आहे आणि त्याचा उत्पादनखर्च २० हजारांच्या आत राहील, असा अंदाज देण्यात आला होता. ते आपल्यापर्यंत केव्हा पोहोचेल, याची चौकशी मी करतो आहे.

चाचणी नव्या सॉकेटवरच घ्या, किमान दोन आठवड्यांची घ्या आणि केंद्राच्या गुळगुळीत व्हरांड्यात घेऊ नका. रंकाळ्यावर आपल्या चालीने एकदा आणि सहकाऱ्यांच्या चालीने एकदा मोजा. त्यानंतर एका कामाच्या दिवशी, गर्दी नसताना, कोणाला तरी सोबत घेऊन जोतिबाच्या पायऱ्यांवर या. चढताना धड पाय आधी वर ठेवा, उतरताना कृत्रिम पाय आधी खाली ठेवा आणि पुढे सरावाने एकाआड एक पायरी उतरू लागलात, तर कृत्रिम पावलाचा चवडा पायरीच्या कडेबाहेर येऊ द्या, म्हणजे न वळणारा घोटा गुडघ्याला अडवणार नाही. त्या दिवशी मीही येईन आणि अलाइनमेंटची किल्ली बरोबर आणीन.